न पाहिलेल्या लॉटवरची सही

११ सप्टेंबर, गुरुवार
रजा संपली. आईच्या डोळ्याचं नीट झालं. पट्टी काढल्यावर पहिलं वाक्य, "सुजे, किती वाळलीस गं." म्हणजे दिसतंय.
निपाणीहून पहिली बस. खोलीवर पिशवी टाकून स्कूटीनं मच्छेला, कारखान्यात. साडेनऊला टेबलावर. टेबल स्वच्छ. माझी वाट बघत लॉट ४७ तिथं असायला हवा होता. सहाशे नळ्या. शिल्पा पहिली तपासणी करणार, मी आल्यावर दुसरी, मग माझी सही, मग माल बेंगळूरला.
लॉट गेलाय. मंगळवारी संध्याकाळच्या गाडीनं.
फाईल काढली. दुसऱ्या तपासणीच्या रकान्यात सही आहे. सु. कांबळे. ९ सप्टेंबर.
९ तारखेला मी निपाणीत डोळ्यांच्या दवाखान्यात बाकावर बसले होते.

१२ सप्टेंबर, शुक्रवार
रात्रभर विचार करून सकाळी शिल्पाला विचारलं. सहा महिने झाले तिला लागून. गोकाककडची, नजर चांगली, बोलते कमी.
"लॉट ४७ कुणी पाठवला?"
"गोत्तिल्ला अक्का, माहीत नाही. मी माझं बघितलं, कागद ठेवला, जेवायला गेले."
"आणि ही सही?"
तिनं कागदाकडे बघितलंच नाही. "तुमचीच आहे ना?"
न बघता कशी कळली.
तिच्या रकान्यात तिच्याच अक्षरात लिहिलंय: कापलेल्या ६००, चांगल्या ५६२, रिजेक्ट ३८. अडतीस फार आहेत. एरवी दहा-बारा.
माझ्या सहीत 'ळ'ची गाठ उलटी वळते, शाळेपासून. त्या कागदावर ती सुलटी आहे.

१३ सप्टेंबर, शनिवार
सबनीस साहेबांना विचारलं. मालक आहेत, पण केबिनचं दार कायम उघडं, सगळ्यांशी गोड. हसले.
"अगं, तुला फोन केला होता ना मंगळवारी. तूच म्हणालीस, हो सर, पाठवा."
खोलीवर येऊन फोन तपासला. खरंच आहे. ९ तारीख, बारा चाळीस, एक मिनिट. आईला आत घेत होते तेव्हा. नर्स कागद पुढं करत होती, आई माझा पदर सोडत नव्हती. मी 'हो सर, हो सर' म्हटलं असणार. कशाला हो म्हटलं ते आठवत नाही. सुट्टीत कसंय, आई कशीय, असलंच काहीतरी असं वाटलं होतं.
पण फोनवर हो म्हटलं तरी कागदावर सही कुणी केली? हे विचारायचं राहिलं. राहिलं की टाळलं, माझं मलाच कळेना.

१५ सप्टेंबर, सोमवार
आज नवा लॉट. दिवसभर मायक्रोस्कोप. नळी काडेपेटीतल्या काडीपेक्षा बारीक, आणि लेझर तिच्यावर जाळी कापतो. पुढं बेंगळूरला तिला चकाकी देतात, फुग्यावर चढवतात आणि कुणाच्या तरी हृदयाच्या शिरेत ती उघडते. आई सगळ्यांना सांगते, "आमची सुजी हार्टातल्या स्प्रिंगा तपासते." आईनं तीस वर्षं विड्या वळल्या. पान फाटकं असलं की तिच्या बोटांना न बघता कळायचं.
मी बघते दोन गोष्टी. आतल्या बाजूला चिकटून राहिलेला धातूचा कण आणि जाळीच्या वळणावरचा तडा. कण धुतला तर निघतो. तडा निघत नाही. केसाहून बारीक असतो, आणि नळी शिरेत उघडताना तिथंच मोडते.
आज दोनदा बघितलेल्या नळ्या तिसऱ्यांदा बघितल्या. सही करताना पेन थांबलं.

१६ सप्टेंबर, मंगळवार
रिजेक्टचा डबा उघडला. तो तीन महिने कुलपात ठेवायचा नियम आहे. किल्ली माझ्याकडे एक, साहेबांकडे एक.
लॉट ४७ च्या पाकिटावर शिल्पानं लिहिलंय ३८. आत चार.
चारच. पालथं करून झटकलं. चार.
चौतीस नळ्या कुठे गेल्या? भंगारातही कुणी घेणार नाही इतक्या हलक्या.

१८ सप्टेंबर, गुरुवार
मारुती अण्णा.
त्यांच्याबद्दल असं लिहावं लागेल असं वाटलं नव्हतं. लेझर मशीन तेच चालवतात, कंपनी उघडली तेव्हापासून. बेळगुंदीचे. सकाळी शेतात, मग इथं. मी नवी असताना नळी चिमट्यात कशी धरायची ते त्यांनी शिकवलं होतं.
गेला आठवडा माझ्याशी बोलत नाहीत. मी गेले की मशीनच्या झडपेशी काहीतरी करत बसतात. आज जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या डब्याचं वरचं झाकण उघडं होतं. भाकरीखाली कागदाची पुडी. माझी नजर गेली तसा डबा बंद.
"काय आहे हो अण्णा?"
"तंबाकू."
अण्णा तंबाखू खात नाहीत. निपाणीच्या पोरीला तंबाखूची पुडी कशी असते ते सांगायला नको.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
लॉट ४७ च्या कागदाचा मोबाईलवर फोटो काढला. दार लोटून, चोरासारखा. मी कसली चोर? पण पहिला फोटो हलला. दुसरा नीट आला.

२० सप्टेंबर, शनिवार
कागद बदललाय.
फाईल तीच, जागा तीच, पंच केलेली भोकं तीच. पण आता शिल्पाच्याच अक्षरात: कापलेल्या ६००, चांगल्या ५८५, रिजेक्ट १५. काल अडतीस होते.
आणि माझी सही. 'ळ'ची गाठ आता उलटी वळलीय. कुणीतरी माझी सही नीट बघून, सराव करून केलीय.
एका जागी बसवेना. पाणी प्यायला गेले, ग्लास तसाच ठेवून आले.
फोटो आहे माझ्याकडे हे कुणाला माहीत आहे का? काल दार नीट लोटलं होतं ना?

२३ सप्टेंबर, मंगळवार
आजपासून सहीच्या शेवटी एक बारीक टिंब देते. कुणाला सांगितलं नाही. पेन पर्समध्ये. ड्रॉवरला कुलूप.
शिल्पा आत आली की मी बोलणं थांबवते आणि मी आत गेले की ती. साहेबांनी आज दोनदा विचारलं, "सगळं ठीक ना सुजाता?" कधी विचारत नाहीत.
घरी आईला फोन केला तर म्हणाली, आवाज का असा. म्हटलं, सर्दी.

२५ सप्टेंबर, गुरुवार
मारुती अण्णा पार्किंगमध्ये थांबले होते. माझ्या स्कूटीजवळ. इकडेतिकडे बघून:
"म्याडम, रैवारी या की बेळगुंदीला. रताळी काढाय लागलोय. घिऊन जावा पिशवीभर."
"रताळ्यासाठी?"
"बोलायचं हाय. हितं नको."
पंधरा दिवस तोंड फिरवणारा माणूस घरी बोलावतोय. मैत्रिणीला फोन करून ठेवला, कुठं चाललेय ते. हसली, म्हणाली, सिनेमा आहे का. नाही हसता आलं.

२८ सप्टेंबर, रविवार
बेळगुंदीला जाऊन आले. क्रमानं लिहिते, नाहीतर गडबड होईल.
रस्त्याला दोन्हीकडे रताळी काढणं चाललेलं. अण्णांचं घर शेताला लागून. त्यांच्या मालकीणबाईंनी चहा आणला. कप कुठला दिलाय ते मी बघितलं. सवय आहे, जात नाही. सगळ्यांचे कप एकाच सेटचे होते. तरी बघितलं.
मग अण्णांनी देवळीतून पुडी काढली. डब्यातली तीच. उघडली. नळ्या. मी मोजल्या. अकरा.
"म्हणजे तुम्हीच नेल्या."
"मी काय चोर न्हाय, म्याडम. आधी ऐका." मग शांतपणे सांगितलं. "त्या मंगळवारी दुपारी साहेब सवता आलते. रिजेकचा डबा उघडला, पॅकिंगच्या टेबलावर वतला. शिल्पाबाई जेवाय गेलत्या. बेंगळूरला पाचशेऐंशीच्या खाली माल चालणार न्हाय म्हणून फोनवर बोलणं चाललं हुतं. साहेब बोलत भाईर गेले. तवर मी मूठ मारली. हाताला आलं तेवढं घेतलं."
"अकराच?"
"अकराच. लगीच आले की ते."
"मग मला का सांगितलं नाही? मी गुरुवारी आले. तुम्ही तोंड फिरवलंत."
अण्णा बायकोकडे बघत होते. तिनंच सांगितलं, "तुमच्यावरच संशव हुता की वो त्यांचा."
"सई तुमची हुती कागदावर," अण्णा म्हणाले. "मला वाटलं तुम्हीबी त्यातल्याच. गावाला जायचं नुसतं निमित."
मी इकडे त्यांच्या भाकरीखाली बघत होते आणि ते तिकडे माझ्या सहीकडे. पंधरा दिवस. मला हसू आलं आणि मग रडू. मालकीणबाईंनी पाणी दिलं.
हिशेब सरळ आहे. शिल्पानं अडतीस काढल्या. डब्यात चार, अण्णांकडे अकरा. बाकी तेवीस. पहिल्या कागदावर चांगल्या ५६२ आणि नव्यावर ५८५. तेवीसच वाढल्यात.
म्हणजे त्या तेवीस बेंगळूरला गेल्या. माझ्या सहीनं.
पुडी मी घेऊन आले. रताळीपण. अण्णांनी पिशवी स्कूटीला बांधून दिली.

२९ सप्टेंबर, सोमवार
सकाळी सगळ्यांच्या आधी पोचले. अकराच्या अकरा मायक्रोस्कोपखाली घातल्या.
अकराही तडकलेल्या. एकाच जागी. तिसऱ्या ओळीतलं आतलं वळण. शिल्पाची नजर बरोबर होती, एकही फुकट काढलेली नाही.
पण एकाच जागी म्हणजे मशीनचा दोष. किरण ज्या भिंगातून येतो ते खराब झालं असलं की असं होतं. भिंग बघणं अण्णांचं काम. पहिल्या दहा नळ्यांतच त्यांना दिसायला हवं होतं. मशीन का थांबवलं नाही?
दुपारी विचारलं. म्हणाले, "गणपतीआधीच सांगितलतं साहेबास्नी, भिंग बदला म्हणून. म्हणाले दसऱ्यापतोर चालीव."
"लिहून दिलं होतं?"
"लिवून कुठं देतो आम्ही."
काल मी त्यांच्यावर पूर्ण विश्वास ठेवून आले होते. आज संध्याकाळी पुन्हा मनात येतंय. इतक्या नळ्या आपल्या हातून वाया गेल्या हे लपवायला माणूस नळ्या घरी नेऊ शकतो. तीच पुडी, तेच अकरा. दोन्ही गोष्टी बसतात.
असा विचार मी करतेय याची लाज वाटते. पण करतेय.

१ ऑक्टोबर, बुधवार
खंडेनवमी. मशीन धुऊन पुसून, झेंडूच्या माळा. लेझरच्या काचेवर हळदीकुंकू लावू नका म्हणून अण्णा ओरडत होते. दारात कोहळा फोडला. चुरमुरे, कुंदा, सगळे नव्या कपड्यांत. शिल्पानं माझ्या मायक्रोस्कोपला गजरा घातला आणि माझ्याकडे न बघता गेली.
पूजा झाल्यावर साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. आज पहिल्यांदा दार लावलं.
"मारुतीच्या घरी गेली होतीस म्हणे."
कुणी सांगितलं? विचारलं नाही.
"काय आहे सुजाता, शिल्पा नवीन आहे. भीतीनं चांगले पीस पण काढते. मी स्वतः परत बघितले. तेवीस चांगले निघाले, ते घातले. यात काय चुकलं? पंधरा खराब होते, ते बाजूला ठेवले. त्यातले अकरा मारुतीनं पळवले. का पळवले ते तूच ओळख. भिंग कुणी बघायचं?"
"आणि माझी सही, सर?"
"तू फोनवर हो म्हणालीस. सही म्हणजे फॉर्मॅलिटी." मग जरा वेळानं, समजावल्यासारखं, "तुझ्यासारख्या मुलीला एवढ्या जागेवर कुणी बसवलं असतं का, सांग. मी बसवलं ना?"
तुझ्यासारख्या.
मी डिप्लोमाला कॉलेजात पहिली आले होते, सर, असं बाहेर आल्यावर, स्कूटीला किक मारताना म्हटलं. हेल्मेटमध्ये.
साहेबांचं बोलणंही बसतं. हीच तर अडचण. तेवीस खरंच चांगल्या असतील तर मी एका चांगल्या माणसाला आणि पंचवीस जणांच्या कामाला बुडवायला निघालेय. आणि नसतील तर…

२ ऑक्टोबर, गुरुवार
निपाणी. विहारात गर्दी, पांढरे कपडे, धम्मचक्र दिन. आई दोन्ही डोळ्यांनी बघत होती, प्रत्येकाला नावानं हाक मारत होती.
जेवताना तिला थोडं सांगितलं. नावं न घेता.
आई म्हणाली, "आमच्या कारखान्यात मुकादम वाईट विड्यांचं बंडल चांगल्यात घालायचा. आम्हाला म्हायती असायचं. कोण बोलत नव्हतं. विडीच ती, वढणारा खोकून मरणारच हाय म्हणायचो." मग म्हणाली, "तुझं तसं न्हाय की गं."
शेजारच्या काकूंच्या मालकांना मागच्या वर्षी स्प्रिंग बसवलीय. अंगणात पाट टाकून बसले होते, मला बघून हात हलवला. कुठल्या कंपनीची बसवली ते मी विचारलं नाही. तोंडावर आलं होतं.

४ ऑक्टोबर, शनिवार
शिल्पा बोलली. बायकांच्या बाथरूममध्ये, नळ सोडून.
"अक्का, कागद मी परत लिहिला. साहेब म्हणाले, घाईत चुकलंय, नीट लिही. आकडे त्यांनी सांगितले."
"आणि सही?"
"नाही अक्का. सही मी नाही केली. देवाची शपथ."
"अडतीस बरोबर होते?"
"बरोबर. दोनदा बघितलं. अडतीसही फुटलेल्या." तिच्या डोळ्यांत पाणी. "पण कुणी विचारलं तर मी नाही सांगणार. माझं लग्न ठरलंय. हे गाव माझं नाही. मला माफ करा."
तिच्यावर रागवावं की तिला जवळ घ्यावं कळेना. जवळ घेतलं. तिचा हात माझ्या पाठीवर होता आणि मी मनात म्हणत होते, या हाताला माझी सही येते का?
हे कधी थांबणार?

५ ऑक्टोबर, रविवार
खोलीतच. कपडे धुतले. दोनदा मेल लिहिला, दोनदा पुसला.
मनात वाद: तेवीस चांगल्या असतील तर. अण्णा खोटं बोलत असतील तर. फोनवर मी खरंच 'पाठवा' म्हटलं असेल तर.
मग एक गोष्ट मनात बसली. यातलं काहीही खरं असलं तरी मी तो लॉट बघितलेला नाही. एवढं एकच आहे जे मला कुणाला विचारायला नको.

६ ऑक्टोबर, सोमवार
जेवणाच्या सुट्टीत मेल पाठवला. बेंगळूरच्या कंपनीच्या गुणवत्ता विभागाला. चार ओळी. लॉट ४७ च्या दुसऱ्या तपासणीवरची सही माझी नाही. त्या दिवशी मी रजेवर होते. तो लॉट मी तपासलेला नाही. कृपया वापर थांबवावा. खाली नाव.
कुणावर आरोप केला नाही. अण्णांचं नाव नाही, साहेबांचं नाही, शिल्पाचं नाही.
भाकरी तशीच परत आणली.

७ ऑक्टोबर, मंगळवार
उत्तर नाही. कारखान्यात सगळे नेहमीसारखे. साहेब गावाला गेलेत म्हणे. मेल पोचला का, हे दर दहा मिनिटांनी बघितलं.

८ ऑक्टोबर, बुधवार
उत्तर आलं, साहेबांना प्रत लावून.
लॉट थांबवला आहे. ४१० नळ्या त्यांच्या स्टोअरमध्ये आहेत, त्या परत आणतायत. उरलेल्या १७५ पुढच्या कामाला गेल्या, त्यांचा माग काढतायत. शुक्रवारी दोन माणसं येणार. नळ्या इथल्याच मायक्रोस्कोपखाली, त्यांच्यासमोर, मी बघायच्या. मशीन चालवणारा हजर हवा.
साहेब दुपारी आले. आरडाओरडा नाही. टेबलाजवळ उभे राहिले.
"फोटो काढलायस म्हणे कागदाचा. फोन दे, बघू जरा."
"चार्जिंग संपलंय, सर."
फोन माझ्या हातात होता, चालू. त्यांनी बघितलं. मीही. ते गेले.
फोटो आईच्या, मैत्रिणीच्या आणि माझ्याच दुसऱ्या नंबरवर पाठवून ठेवला. आईला लिहिलं, पुसू नको. आईनं उत्तरात झेंडूचं फूल पाठवलं.

९ ऑक्टोबर, गुरुवार
मारुती अण्णा आलेच नाहीत. फोन बंद.
सुटल्यावर तशीच बेळगुंदीला गेले. मालकीणबाई दारात. आत या म्हणाल्या नाहीत.
"खानापूरला गेल्यात. बहिणीकडं."
"उद्या येणार ना?"
"त्यास्नी म्हायती."
"साहेब आले होते का इकडे?"
त्या रताळ्याच्या ढिगाकडे बघत राहिल्या. "आलते," म्हणाल्या. "सकाळी. गाडी घिऊन."
एवढंच.
अण्णा गेले की नेले? साहेबांनी काय दिलं, की काय घालवायची भीती घातली? की खरंच बहीण आजारी आहे? परत येताना पिरनवाडीच्या सिग्नलला हिरवा लागलेला कळला नाही, मागचे हॉर्न वाजवत राहिले.

१० ऑक्टोबर, शुक्रवार
चहाची सुट्टी. साडेअकरा. घाईत लिहितेय.
बेंगळूरचे दोघे नऊला आले. एक वयस्क बाई, एक तरुण. बाईंनी कागद पुढं ठेवला. "ही सही कुणाची?"
"माझी नाही."
"तुमच्यासारखी दिसते."
"दिसते. माझी नाही." फोटो दाखवला, दवाखान्याचा कागद दाखवला. त्यांनी लिहून घेतलं. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. साहेब भिंतीला टेकून उभे होते, हाताची घडी घालून.
तेवढ्यात दारात मारुती अण्णा. आंघोळ करून, पांढरा इस्त्रीचा शर्ट. थेट साहेबांच्या केबिनमध्ये गेले. साहेब मागोमाग. दार लागलं. वीस मिनिटं.
बाहेर आले ते माझ्या खुर्चीच्या मागं येऊन उभे राहिले. मी वळून बघितलं नाही. ते माझ्या बाजूनं उभे आहेत की माझ्यावर नजर ठेवायला, ते पाठीला कळत नाही.
शिल्पा तिच्या टेबलावर मान खाली घालून.
बाईंनी पहिला ट्रे दिला. मी बसले. प्रत्येक नळी फिरवून, तिसऱ्या ओळीचं आतलं वळण. पडद्यावर ते दोघेही बघतायत.
पहिल्या साठांत काही नाही. नव्वद. काही नाही. शंभराव्याला साहेबांनी घड्याळ बघितलं.
एकशे वीस झाल्या. स्वच्छ. सुंदर कापलेल्या.
खरं लिहिते, इथं तरी. तडा सापडावा असं मला वाटतंय. कुणाच्या तरी छातीत जायच्या नळीत दोष निघावा म्हणून मी डोळे ताणतेय. सापडला नाही तर त्या तेवीस चांगल्या होत्या, नाहीतर पुढं गेलेल्या एकशे पंचाहत्तरांत आहेत आणि मला ते कधीच कळणार नाही. दोन्हींपैकी काहीही असलं तरी उद्या मी या टेबलावर नसेन.
बाईंनी हाक मारली. दोनशे नव्वद बाकी आहेत. तोंडावर पाणी मारून आत जाते.